सोय आणि सोबत: घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या माणसासाठी वाडीने काय करावं

एसटीत मी २८ वर्षं कंडक्टर होतो. त्या काळात एक ठरावीक प्रवासी मला वारंवार भेटायचा. माणसं वेगवेगळी, पण वागणं तेच. चिपळूणचं तिकीट काढायचं, दाराजवळची सीट धरायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यावरच "मास्तर, उतरतो" म्हणून उतरायचं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. उरलेले पैसेसुद्धा मागायचे नाहीत. गाडी लागत असेल, असं म्हणून मी घंटी मारायचो.

निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा तोच चेहरा घरातच दिसला. माझी थोरली वहिनी अडीच वर्षं गडग्याच्या, म्हणजे घराभोवतीच्या दगडी कुंपणाच्या बाहेर पडलेली नव्हती आणि आम्हा कुणाच्या ते नीट ध्यानातही आलं नव्हतं. आमच्याकडे ध्यानात यायला उशीरच होतो. आगरात विहीर, परसात भाजी, दारात मासेवाली येते, नवरा मुंबईला. बाईमाणूस घरातच असायचं, असं सगळे धरून चालतात. वर चार महिने पाऊस. पावसाळ्यात तर अख्खी वाडीच घरात बसलेली असते, मग एकटी कोण बसलीय ते कसं कळणार?

आम्ही वहिनीची सगळी सोय करत होतो. दळण मी आणायचो, रेशन पुतण्या आणायचा, औषधं शेजारी आणायचे. आपण फार चांगलं वागतोय असं वाटायचं. डॉक्टरांनी फोनवर पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही त्यांची सोय करता की त्यांना सोबत देता?" तेव्हा मला फरक कळला नव्हता. खाली जे लिहिलंय ते तो फरक कळायला लागलेल्या पाच-सहा वर्षांतलं आहे. मी डॉक्टर नाही. वाडीत कुणाला असा त्रास असेल आणि चार माणसं जमवून काही करावंसं वाटत असेल, तर कुठून सुरुवात करावी एवढंच मला सांगता येईल.

आधी आजार कळून घ्या

या आजाराला अगोराफोबिया म्हणतात. हे नाव १८७१ साली कार्ल वेस्टफाल या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने दिलं. ग्रीक भाषेत 'अगोरा' म्हणजे बाजाराचा चौक. त्याच्याकडे आलेल्या रुग्णांना मोकळा चौक ओलांडताना धडकी भरायची. या नावामुळे पुष्कळांना वाटतं की ही उघड्या जागेची भीती. प्रत्यक्षात मनात असतं ते असं: इथे मला काही झालं तर निसटता येणार नाही आणि मदतीला कुणी येणार नाही.

डॉक्टर पाच प्रकारच्या ठिकाणांबद्दल विचारतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एसटी, रेल्वे, फेरीबोट हा एक प्रकार. सडा (डोंगरावरचं पठार) किंवा पुळण (किनाऱ्याची वाळू) अशी उघडी जागा दुसरा. बँक, दुकान, सभागृह अशी बंदिस्त जागा तिसरा. रांग आणि गर्दी चौथा. घराबाहेर एकटं असणं पाचवा. यांतल्या किमान दोन ठिकाणी नेहमी भीती वाटते, माणूस ती ठिकाणं टाळतो आणि हे सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालू असतं, तेव्हा डॉक्टर हे नाव देतात. पुष्कळदा सुरुवात पॅनिक अटॅकने होते. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या, आता आपण मरणार किंवा वेडे होणार असं वाटतं. हा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरतो. पण जिथे तो आला ती जागा मनात नोंदली जाते. मग माणूस ती जागा सोडतो, मग तिच्यासारखी दुसरी, आणि असं करत करत शेवटी उंबरठा उरतो.

बायकांमध्ये हे निदान पुरुषांच्या सुमारे दुप्पट होतं. पुरुष लपवतातही. आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा मुंबईची नोकरी सोडून कलमं सांभाळायला गावी आला. 'मातीची ओढ' म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. खरं तर त्याला लोकलमध्ये दोनदा झटका आला होता आणि तिसऱ्यांदा गाडीत चढायची हिंमत झाली नव्हती. गावात येऊन बरं वाटलं, पण वर्षभरात बाजारपेठही सुटली.

आणखी एक तपासून घ्या. घरातून न निघणारी प्रत्येक बाई अगोराफोबियाची नसते. काहींना सासरचेच बाहेर जाऊ देत नाहीत. कुणाला वाटेत कुणाचा त्रास असतो, कुणाचे गुडघे गेलेले असतात, कुणाला ऐकू येईनासं झालेलं असतं. तिथे उपाय वेगळा. विचारल्याशिवाय आजाराचं नाव चिकटवू नका.

तीन माणसं पुरेत

मदतगट म्हटला की आपल्याकडे आधी बॅनर होतो, मग अध्यक्ष ठरतो आणि मग दीडशे जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. यातलं काहीही करू नका. तीन माणसं घ्या. एक नात्यातलं पण दुसऱ्या घरातलं, एक शेजारचं, आणि जमल्यास आशाताई. आशाताईला उपकेंद्राची वाट माहीत असते आणि ती कुणाच्याही दारात गेली तरी कुणी 'का गेली' विचारत नाही. हा दुसरा फायदा फार मोठा आहे.

कुणाला घेऊ नये हेही सांगतो. ज्याला उपदेशाची सवय आहे त्याला नको. 'मी बघ कसा बाहेर पडलो' असं सांगणाऱ्याला नको. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर उमेदवाराला तर अजिबात नको.

गुपिताचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण तो डॉक्टर-दवाखान्यांना बांधतो. पाणवठ्यावरच्या गप्पांना कायदा कुठला बांधणार? म्हणून त्या माणसालाच विचारा: "बाहेर कुणी विचारलं तर काय सांगू?" वहिनीने सांगितलं, "चक्कर येते म्हणा." आम्ही तेवढंच म्हणायचो. खोटंही नव्हतं, तिला चक्कर यायचीच.

डॉक्टरांपर्यंत पोचायचं कसं

हा आजारच असा की दवाखान्यात जाणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट. त्यामुळे सुरुवात फोनवर करा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. आता आमच्याकडची गंमत ऐका: रेंज मिळते सड्यावर, आणि वहिनीला नेमकी सड्याचीच भीती! शेवटी शेजाऱ्यांच्या वाय-फायवर काम भागलं. तुमच्याकडे घरात रेंज नसेल तर कुणाच्या घरी वाय-फाय आहे आणि तिथे एक खोली अर्धा तास मिळेल का, हे आधी बघून ठेवा.

प्रत्यक्ष जायची वेळ आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठे आणि कोणत्या वारी भेटतं ते तिथे कळतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. बाकीची ठाणे, पुणे आणि नागपूरला. 'ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा' हे वाक्य आपण चेष्टेत इतक्या वेळा बोललोय की खरं जायची पाळी आली की घरचेच गप्प होतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग असतो, दाखवून त्याच दिवशी परत येता येतं, हे घरच्यांना आधी सांगा.

सुरुवातीला साधा डॉक्टर रक्त, थायरॉईड, हृदयाचा आलेख तपासेल. ते करून घ्या. एक शंका मिटते. पुढे उपचार दोन प्रकारचे. एक बोलण्याचा, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची थेरपी. तिच्यात भीतीच्या जागी थोडं थोडं करून जाण्याचा सराव असतो. दुसरा गोळ्यांचा. नैराश्यावरच्या काही गोळ्या या भीतीवरही चालतात, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते. तिथेच लोक गोळी सोडतात. तुमच्या गटाचं काम एवढंच की त्या दिवसांत रोज एक फोन करायचा, आणि त्रास जास्त वाटला तर डॉक्टरांना विचारायचं. शेजारणीची झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका. तिची सवय लागते.

देवाचं काय? घरच्यांना गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या. मी स्वतः नारळ घेऊन गेलो होतो. भांडण काढलंत तर घराचं दार तुमच्यासाठी बंद होईल. पण बाहेरचं लागलंय म्हणून कुणी मारझोड करू लागला, उपाशी ठेवू लागला, गोळ्या बंद करा म्हणाला किंवा हजारो रुपये मागू लागला तर तिथे थांबवा. मारहाण आणि लुबाडणुकीसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पडवीतली बैठक

पहिल्या महिन्यात बाहेर काढायचं नावही काढू नका. फक्त जा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दोनच माणसं, अर्धा तास. वेळ पाळणं महत्त्वाचं. चार म्हटलं तर चार, कारण ती तीन वाजल्यापासून दाराकडे बघत असते.

हाताला काम घेऊन बसा. वाती वळा, कुळीथ निवडा, आठळ्या सोला. समोरासमोर बसून "कसं वाटतंय?" विचारलं की माणूस आक्रसतो. हात कामात असले की बोलणं आपोआप निघतं. वहिनी मला पहिल्यांदा खरं बोलली ती आमसुलं वाळत घालताना: "भावजी, मला बाहेरची भीती नाय वाटत. मी बाहेर पडेन नि सगळ्यांसमोर माझं हसं होईल, त्याची वाटते."

"इतकं काय त्यात?", "मन घट्ट कर", "मुलांकडे बघून तरी" ही तीन वाक्यं पडवीच्या बाहेर चपलांपाशी ठेवून आत जा.

पायऱ्या पाडा

मग तिच्याकडूनच यादी करून घ्या. तुम्ही करू नका. सगळ्यात कमी भीतीची जागा खाली, सगळ्यात जास्त भीतीची वर. डॉक्टर दहापैकी आकडा विचारतात. वहिनीला ते जमेना. ती म्हणाली, "आण्यात सांगते." मग आम्ही सोळा आण्यांचा हिशेब धरला. खळं म्हणजे अंगण दोन आणे, गडगा चार, पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) खालच्या विहिरीपर्यंत सहा, देवळाची सहाण (पालखी ठेवायचा चौथरा) आठ, एसटीचा थांबा दहा, एसटीत बसणं बारा, बाजारच्या दिवशीची बँक चौदा. फेरीबोट सोळा. एकदा सुटली की पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत उतरता येत नाही, म्हणून.

खालून सुरुवात. एका पायरीवर रोज जायचं आणि भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. यात सगळं आलं. भीती शिगेला असताना परतलं तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. थांबलं तर कळतं की न पळताही ती उतरते. कधी परतावं लागलंच तर रागावू नका, पण जमल्यास त्याच दिवशी पुन्हा तिथवर जाऊन या.

आणि सोबत हळूहळू काढून घ्या. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली, पण ती पुढे सांगतो. आधी शेजारून चाला. मग दहा पावलं मागून. मग पाखाडीच्या टोकाला उभे राहा आणि तिला तुमच्याकडे येऊ द्या. मग नुसते फोनवर. मग तेही नको. पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, उन्हातान्हात धरलेली छत्री हे आधार सुरुवातीला असू द्यात. ते शेवटी सुटतात, घाई नको.

एसटीसाठी एक युक्ती सांगतो. ही कुठल्या डॉक्टरला सुचायची नाही, ही खात्याचीच हवी. गावात वस्तीची गाडी येत असेल तर ती रात्री थांबते आणि पहाटे सुटते. ड्रायव्हर-कंडक्टरशी बोला. सुटायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी रिकामी उभी असते, तेव्हा तिला आत बसू द्या. नुसतं बसायचं, सुटायच्या आधी उतरायचं. वहिनी असं अकरा दिवस बसली. बाराव्या दिवशी एक थांबा, मी मागे मोटरसायकलवर. तिकीट तिनेच काढलं.

आता चूक. त्याआधीच्या वर्षी मला घाई झाली होती. माझ्या ओळखीचा ड्रायव्हर, माझ्या ओळखीची गाडी, 'मी आहे ना' म्हणत मी तिला हाताला धरून चढवलं आणि दार ओढून घेतलं. पुढच्या वळणावर तिने गाडी थांबवायला लावली आणि ती चालत, रडत घरी आली. पुढचे चार महिने ती खळ्यातही आली नाही. ज्याच्या पायाखालची पायरी आहे त्याने सांगितल्याशिवाय पुढे न्यायचं नाही, हा आमच्या गटाचा एकमेव लेखी नियम आहे, आणि तो माझ्यामुळे लिहावा लागला.

रेल्वेचं म्हणाल तर कोकण रेल्वेवर बोगदे फार. करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. मुंबईला जायची गरज असेल तर आधी बोगदे कमी असलेल्या टप्प्यात एक-दोन स्टेशनं करा.

वाटेत झटका आला तर

बाजूला घ्या, पण घेराव होऊ देऊ नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाणी तोंडावर मारू नका. सोबतच्या एकानेच बोलायचं, हळू: "हे झटक्याचंच आहे. चढलंय, उतरेल. मी आहे." श्वास सोडताना लांब सोडायला सांगा, घ्यायची चिंता करू नका. घड्याळ दाखवा, मिनिटं मोजा. मात्र छातीतलं दुखणं हाताकडे-जबड्याकडे सरकलं, शुद्ध हरपली, किंवा असा त्रास आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल तर झटका समजून बसू नका, १०८ ला फोन करा.

सणवार आणि चाकरमानी

गणपतीत घर भरतं आणि मुंबईहून आलेला प्रत्येक जण नवा सल्ला घेऊन येतो. त्यातला एक चाकरमानी आधीच विश्वासात घ्या, बाकीच्यांना तो आवरेल. आरतीला घरोघर फिरायचं असतं, तेव्हा शेजारच्या एकाच घरची आरती यादीत धरता येते. शिमग्यात पालखी स्वतः दारात येते, तेव्हा बाहेर न पडणाऱ्यालाही सण चुकत नाही. ढोलाच्या गर्दीत पुढे ओढू नका. दारात उभं राहिलं तरी पुष्कळ. सणाला परीक्षा करू नका, एवढंच.

पावसाआधीचं काम

हे लोक विसरतात आणि ते जिवावर बेतू शकतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माणसांना काही मिनिटांत घर सोडावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हाही स्थलांतर झालं. ज्याला अंगणात येणं जड जातं त्याने भरल्या शाळेत, अनोळखी गर्दीत रात्र काढायची म्हणजे काय, याचा विचार मे महिन्यातच करा. कुणाकडे कोण जाणार ते नावानिशी ठरवा. निवाऱ्याच्या शाळेपर्यंतची वाट कोरड्या दिवसात एकदा चालून घ्या, जमल्यास त्या शाळेच्या व्हरांड्यात दहा मिनिटं बसा. गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. सरपंचांना नाव सांगायचं की नाही, हे त्या माणसाला विचारून ठरवा.

पावसात सराव तुटतो, हेही धरून चाला. श्रावणात वहिनी दरवर्षी दोन पायऱ्या खाली येते. आम्ही आता घाबरत नाही, तिथून पुन्हा सुरू करतो.

एकाच आजाराची दोन माणसं भेटली की

आमच्या गटातलं सगळ्यात उपयोगी काम आम्ही ठरवून केलेलंच नाही. कलमं सांभाळणाऱ्या त्या मुलाला वहिनीने एकदा फोन केला. पाऊण तास बोलली. मी बाहेर उभा होतो, आतून दोघं हसल्याचा आवाज येत होता. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की असं जगात आपल्यालाच होतं. आता महिन्यातून एकदा चार गावांतली पाच माणसं कॉन्फरन्स कॉलवर बोलतात. आम्ही सोबती त्यात नसतो. आम्ही वेगळे भेटतो, कारण सोबत्यालाही कंटाळा येतो, चीड येते, आणि ती कुठेतरी बोलायला हवी. माझी बायको त्या बैठकीला 'भावजींचं गाऱ्हाणं' म्हणते.

वहिनी आता मंगळवारच्या बाजाराला एकटी जाते. मासे घासाघीस करून आणते, दळणही स्वतः आणते, आणि मी आणलेलं पीठ जाडं असायचं हे तिने गेल्या महिन्यात मला सांगितलं. फेरीबोट अजून राहिलीय. दाभोळच्या धक्क्यावर दोनदा जाऊन उभी राहिली, बोट सुटताना बघितली आणि परत आली. पुढचं दिवाळीनंतर, खाडी शांत झाली की.